यंदा आपली टीम कोणत्या गावाले?

फुटबॉलच्या चाहत्याच्या वर्षाचे दोन भाग असतात. एका भागात त्याचा संघ हरतो. दुसऱ्या भागात हरत नाही, कारण सामनेच नसतात. या दुसऱ्या भागाला ऑफ-सीझन म्हणतात, आणि माझे सुखाचे दिवस बहुतेक त्यातच गेले आहेत.

मी परसवाड्याला राहतो. जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश. एका अंगाला कान्हाचं जंगल, दुसऱ्या अंगाला बालाघाटवरून गोंदियाकडे जाणारी वाट आणि मध्ये धानाच्या बांध्या. गावात हिंदी, पोवारी, गोंडी चालते; आमच्या घरात गोंदियाकडची मराठी. इथे बिबट दिसला तर दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. फुटबॉल क्लबचा चाहता दिसला ती चर्चा मात्र अजून चालू आहे. आमचं बियाणं-खताचं दुकान आहे, त्यामुळे ही चर्चा करायला लोकांना आपोआप जागा आणि बाकही मिळतो.

हे वेड लागलं पुण्यात. २०१४ साली मी तिकडे शिकायला गेलो आणि त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटी नावाचा संघ खेळू लागला. मालकांत हृतिक रोशनचं नाव होतं. खोलीवरचा माझा मित्र हृतिक दिसेल म्हणून आला, मी फुटबॉल दिसेल म्हणून. मित्राचं काम मध्यंतराच्या आत झालं आणि तो निघून गेला. मी अजून थांबलेलो आहे.

आमच्या क्लबचं खरेदीचं धोरण ठाम होतं: वय छत्तिशीच्या आसपास आणि पूर्वपुण्याई भरपूर. २०१४ ला डेव्हिड त्रेझेगे आला. १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला, युरो २००० च्या अंतिम सामन्यात सोनेरी गोल मारणारा. वय ३६. २०१५ ला रुमानियाचा एड्रियन मुटू. वय ३६. २०१६ ला आइसलंडचा आयडुर गुड्योनसन, बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला. वय ३७. दर पावसाळ्यात मी रात्र रात्र या मंडळींचे जुने गोल बघत बसायचो आणि मनातल्या मनात त्यांना बालेवाडीच्या गवतावर पळवायचो. गुड्योनसन तर ऑफ-सीझनच्या दृष्टीने आदर्श खेळाडू निघाला: करार केला, आशा लावली आणि लीग सुरू होण्याआधीच जायबंदी होऊन बाहेर पडला. आमच्यासाठी तो एकही सामना खेळला नाही, म्हणून आमच्यासाठी एकही सामना हरलाही नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात आजही फक्त आदर आहे.

भारतीय खेळाडूंची तेव्हा ड्राफ्टमधून वाटणी व्हायची. २०१५ च्या जुलैत मुंबईत दहा नावाजलेल्यांचा लिलावही झाला. सुनील छेत्री मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतला. आम्ही युजीनसन लिंगडोह १ कोटी ५ लाखांना. पंधरा लाखांचा फरक. मी तेव्हा आनंदात होतो. पुढे २०१७-१८ ला आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलो. पुण्यातला पहिला सामना गोलशून्य सुटला आणि ११ मार्च २०१८ ला बंगळूरुत, तोवर बंगळूरुचा झालेल्या छेत्रीने एकट्याने तीन गोल घातले. ३-१. पहिल्या गोलला मला पाच लाख आठवले, दुसऱ्याला दहा आणि तिसऱ्याला पंधरा पूर्ण झाले.

ड्राफ्टची मूळ पंढरी अमेरिका. तिथलं फुटबॉल हाताने खेळतात, ते सोडून द्या. पण रीत न्यायाची आहे. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यात तळाला, त्याला नव्या पोरांतला पहिला मोहरा उचलायचा मान. म्हणजे हरण्याला तिथे पेन्शन आहे. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा फिलाडेल्फिया ईगल्सने जे बर्वँगर नावाच्या पोराला पहिल्या क्रमांकावर उचललं. ईगल्सना त्याचा पगार झेपेना, म्हणून हक्क शिकागोच्या बेअर्सकडे गेले. त्यांच्याशीही आकडा जुळला नाही आणि गडी त्या लीगमध्ये एकही सामना न खेळता फोम-रबराच्या धंद्यात गेला. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलावहिला मानकरी म्हणजे असा आमच्या गुड्योनसनचा आजा.

माझ्या बाबांना यातलं काहीच नवल वाटत नाही. फुटबॉलवाल्यांची खरेदी-विक्रीची खिडकी उघडते ती जून ते ऑगस्टच्या दरम्यान, म्हणजे नेमकी आमच्या रोवणीच्या तोंडावर. परे तयार झाले, चिखलणी झाली की बाबा बायांच्या टोळ्या ठरवायला निघतात. कोणत्या टोळीचा हात चालतो, कोणती चहालाच बसते, कोणत्या टोळीची मुकादमीण मोडक्या कमरेची असली तरी बाकीच्यांना हलवते, हे त्यांना तोंडपाठ. बयाना देतात, वर गाडीभाडं कबूल करतात. तरी एखादी टोळी आपला बयाना घेऊन दुसऱ्याच्या बांधीत वाकलेली सापडते. एकदा मी त्यांना समजावून सांगत होतो की युरोपात खेळाडू करार मोडून असाच पळतो, त्यावर मोठमोठे वकील बसतात. बाबा म्हणाले, "वकील काहून? पाऊस पडला का बाई आपोआप येते. तुमच्या खेळाडूले पावसाची गरज नाही, म्हणून तो पळते."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी दुकानात युरियाच्या पोत्यांचा हिशेब करत होतो तेव्हा बातमी आली, की एफसी पुणे सिटी बंद. हे पुण्याच्या फुटबॉलला नवं नव्हतं. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स गेला. क्लब बंद करण्याचा अनुभव त्या शहराच्या गाठीशी भरपूर होता. पण आमच्या जागेवर हैदराबाद एफसी उभा राहिला. आता मी करावं काय? बाकावरच्या मंडळींनी मत दिलं की गाव बदललं, नाव बदललं, म्हणजे टीम बदलली. पोराने आता क्रिकेट बघावं.

मी पुरावे तपासले. प्रशिक्षक तेच, फिल ब्राउन. बरेच खेळाडू तेच. पहिल्याच हंगामात दहा संघांत दहावा नंबर. संशयाला जागाच उरली नाही. हा आमचाच संघ होता. मी निष्ठा जशीच्या तशी हैदराबादला वळती केली.

आणि मग घात झाला. २० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर हैदराबाद लीगच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर केरळ ब्लास्टर्स, बरोबरी, पेनल्टी, आणि आमच्या गोलात उभा गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन पेनल्ट्या अडवल्या. चषक आमचा. मी रात्री अंगणात नाचलो, कुत्री भुंकली, बाबांनी बिबट आला म्हणून बॅटरी लावली. त्यानंतरचा ऑफ-सीझन माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. विजेत्या संघाच्या चाहत्याने आशा धरायची तरी कशाची? नवा स्ट्रायकर हवा म्हणावं तर जुना बरा चाललेला. प्रशिक्षक बदला म्हणावं तर लोक वेड्यात काढतील. जूनभर मी दुकानात गुमान बी-बियाणं विकलं. बाबांना वाटलं, पोरगा सुधारला.

क्लबने मला फार काळ असं राहू दिलं नाही. दोनच वर्षांत पैसे थकले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, परदेशी खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ ला २२ सामन्यांत एक विजय. एक! पुन्हा तळ, पुन्हा आशेला भरपूर जागा. मी टवटवीत झालो.

पण खरी दिवाळी २०२५ ची. १२ एप्रिलला कोलकात्यात अंतिम सामना झाला, मोहन बागान जिंकला आणि ऑफ-सीझन सुरू झाला. तो संपेचना. लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला २०१० चा करार डिसेंबरमध्ये संपत होता, पुढचं ठरेना. ११ जुलैला कंपनीने कळवलं की पुढचा हंगाम तूर्त थांबवला आहे. त्याच महिन्यात दुसऱ्या श्रेणीच्या आय-लीगचा विजेता बदलला. एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेते ठरवलं होतं. १८ जुलैला स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या क्रीडा लवादाने सांगितलं, विजेते इंटर काशी. ऑफ-सीझनमध्ये लीग जिंकता येते, हे कळल्यावर माझा त्या ऋतूविषयीचा आदर दुणावला. मग सुपर लीगचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, मग व्यावसायिक हक्कांची निविदा, आणि नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा आलेल्या बोली शून्य. बाकावर रस्त्याची कामं घेणारे एक ठेकेदार बसतात. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलमध्ये रस घेतला. "एकही निविदा नाही? म्हणजे काम खरंच अवघड असन बाप्पा. सोप्या कामाले आम्ही भांडतो."

याच गडबडीत, ऑक्टोबरमध्ये, माझा संघ हैदराबादहून उठून दिल्लीला गेला. नवं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. जगात खेळाडू क्लब बदलतात. माझा क्लबच गावं बदलतो. अमेरिकेतही असं होतं म्हणा. २९ मार्च १९८४ ला बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ मध्यरात्री ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला, सकाळी गावाला पत्ता. त्या मानाने आमचे लोक सभ्य, दिवसाउजेडी जातात. मला वाईट एवढंच वाटलं, की हैदराबादहून दिल्लीला जाणारी गाडी नागपूरवरून जाते. संघ माझ्या इतक्या जवळून गेला आणि कोणी खाली उतरून पाणीसुद्धा प्यायलं नाही.

जानेवारी २०२६ मध्ये छेत्रीसकट खेळाडूंनी चित्रफीत काढून थेट फिफाला साकडं घातलं. पाठोपाठ क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं: १४ फेब्रुवारीपासून लीग, चौदा संघ, एकाच फेरीचे ९१ सामने. दहा महिने चाललेला माझा ऑफ-सीझन सरकारने मोडून टाकला.

आता पुढच्या ऑफ-सीझनसाठी माझ्या मागण्या साध्या आहेत. बाकीचे चाहते म्हणतात, दहा नंबरचा ब्राझिलियन हवा, उंच सेंटर-बॅक हवा, डाव्या पायाचा विंगर हवा. माझी यादी अशी: लीग असावी. लीगमध्ये आपला संघ असावा. संघ ज्या गावात ऑफ-सीझनला झोपला त्याच गावात सीझनला उठावा. एवढं जमलं तर मग डाव्या पायाचं बघू. तोवर दोन्हीपैकी कोणताही पाय चालेल.

आणि पुन्हा गाव बदलायचंच असेल, तर या खेपेला परसवाड्याचा विचार व्हावा, असा अर्ज मी तयार करतो आहे. मुद्दे भक्कम आहेत. शाळेचं मैदान बाजाराचा दिवस सोडून मोकळं असतं. एका बाजूला गोलपोस्ट आहे. दुसरी बाजू क्लबने आणावी. गुरं मैदानात येतात, पण ती कडेकडेनेच चरतात. खेळाडूंच्या जेवणाला बालाघाटचा चिन्नोर तांदूळ, ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तिशीतल्या फॉरवर्डला पचायलाही हलका. सगळ्यात मोठा मुद्दा वेळापत्रकाचा. चौदा फेब्रुवारी ही तारीख ठरवणाऱ्याने परसवाड्याचाच विचार केला असावा. तोवर धान कापून, झोडून, सोसायटीत विकून झालेलं असतं आणि मोहफुलं वेचायला अजून अवकाश असतो. सगळा तालुका रिकामा. असा प्रेक्षक दिल्लीला कुठून मिळणार?

अर्ज मी बाबांना वाचून दाखवला. ते पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आतापर्यंत ही टीम किती गावं फिरली?"

"पुणे, हैदराबाद, दिल्ली. तीन."

बाबांनी चष्मा काढला आणि जूनमध्ये टोळीच्या मुकादमिणीशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "येऊ दे. गावाले करमणूक होईल. पण त्यायले बयाना देजो नको. आपण घेजो."