नुसतं उभं राहायचा परवाना

वाळूज एमआयडीसीत माणसानं विनाकारण उभं राहू नये, असा लेखी नियम कुठंही नाही. पण एकदा उभं राहून बघा. कंपनीच्या गेटबाहेर, लिंबाखाली, हात मोकळे सोडून. आधी वॉचमन विचारेल, “कोणाची वाट बघू राह्यले, साहेब?” मग एखादी रिक्षा “पंढरपूर, पंढरपूर” करत थांबेल आणि तुम्ही बसत नाही म्हटल्यावर नाराज होऊन निघून जाईल. (हे आमचं पंढरपूर, नगर रोडवरचं. आषाढीला तिथं विठोबासाठी गर्दी होते, एरवी ट्रकांमुळं.) तेवढ्यात एचआरवाल्यांची गाडी येईल, काच खाली होईल आणि आतून काळजीचा आवाज येईल, “काय, सगळं ठीक ना?” याचा अर्थ ‘तुम्हाला काम नाही का?’ असा असतो, हे इथं शिकाऊ पोरालाही कळतं.

आता तोच माणूस, तेच झाड, पण हातात सिगारेट. कोणी काही विचारणार नाही. कारण आता तो रिकामा नाही, तो सिगारेट ओढतोय! कंपनीच्या आत काडेपेटीलाही प्रवेश नाही, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून तर देशभर सार्वजनिक आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. म्हणजे ओढायची तर गेटबाहेर जावंच लागतं. कायद्यानं ओढणाऱ्याला बाहेर काढलं आणि न ओढणाऱ्याला बाहेर पडायला कारणच ठेवलं नाही. नुसतं उभं राहायचा हा परवाना मी पुष्कळ वर्षं वापरला. त्याच्यावर कर्करोगाचं चित्र होतं, पण परवान्यावरचा फोटो कुणाचा चांगला आलाय?

उभं राहायची गरज का पडायची, तेही सांगतो. बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली वाळूजला सुरू झाला आणि त्याच्यामागून सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या. अशाच एका लहान कंपनीत मी क्वालिटीला आहे. या धंद्यात आता ‘जस्ट इन टाइम’ चालतं. मोठ्या कंपनीनं गोदामात माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवायचा. गोदामं रिकामी झाली हे खरं, पण साठा काही नाहीसा झाला नाही. तो आमच्या छातीत येऊन बसला. फोन वाजला की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर नाव दिसतं. “तुमच्या लॉटमुळं आमची लाईन थांबायची वेळ आलीय” हे वाक्य ऐकलं की मी गेटकडे निघालोच.

सिगारेट सोडायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न, कोणाला विचारायचं? सरकारनं तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा फुकट नंबर 2016 पासून ठेवलाय आणि तो सिगारेटच्या पाकिटावरच छापतात. पण मी सुटी घेणारा माणूस. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, आणि त्याचं एक कारण हेच, की सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही. टपरीवाले मामा या बंदीचा पूर्ण मान राखतात. पाकीट काउंटरखाली ठेवतात आणि सिगारेट वर देतात. शेवटी सिगारेट सोडायचा नंबर मिळवायला मला अख्खं पाकीट विकत घ्यावं लागलं. “आज काय पगार झाला का, साहेब?” मामांनी विचारलं.

पुढं शहरातल्या एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. वाटलं होतं, भीती घालतील. फुफ्फुसाचं चित्र दाखवतील, मुलांची शपथ घ्यायला लावतील. त्यांनी वही काढायला लावली. प्रत्येक सिगारेटच्या आधी लिहायचं : वेळ, जागा, सोबत कोण, आणि जीव किती घाबरलाय, शून्य ते दहापैकी. ओढून झाल्यावर पुन्हा आकडा. “सध्या सोडू नका,” म्हणाल्या, “फक्त नोंद ठेवा.”

क्वालिटीच्या माणसाला नोंद ठेवायला सांगणं म्हणजे वारकऱ्याला चाल म्हणण्यासारखं. मी वहीवरून एक्सेल केलं, एक्सेलवरून कोणत्या कारणाचा वाटा किती हे दाखवणारा पॅरेटो चार्ट काढला. आमच्या खात्यात दोषाचं मूळ शोधायला पाच वेळा ‘का’ विचारतात, तेही केलं. निकाल बघून मीच चाट पडलो. कस्टमरचे फोन, साहेबांच्या शिव्या, ऑडिट, या सगळ्यांचा वाटा किरकोळ निघाला. सगळ्यांत उंच दांडा होता तो ‘आधीची सिगारेट ओढून बराच वेळ झाला’ याचा. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मग मेंदू कुरकुरायला लागतो. हात चाळवतात, राग येतो, छातीत धडधडतं. या सगळ्याला मी ‘टेन्शन’ म्हणत होतो आणि पुढची सिगारेट ओढून ते घालवत होतो. म्हणजे सिगारेट नावाचा हा व्हेंडर आधी स्वतःच दोष पाठवत होता आणि मग रीवर्कचं बिल लावत होता. आमच्या कंपनीत असल्या व्हेंडरला गेटच्या आत घेत नाहीत. मी त्याला दिवसभर ऑर्डरी देत होतो.

मॅडमना चार्ट दाखवला. त्या म्हणाल्या, हे जगजाहीर आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2014 साली 26 अभ्यास एकत्र करून पाहिले होते. ज्यांनी सोडली त्यांची चिंता आणि उदासी, ओढत राहिलेल्यांच्या मानानं, कमी झालेली दिसली. “पण सुरुवातीला वाढेल हं,” असं त्या जाता जाता म्हणाल्या. डॉक्टर लोक महत्त्वाचं वाक्य नेहमी तुम्ही दाराशी पोचल्यावर का बोलतात, याचाही कुणीतरी अभ्यास करावा.

वाढली. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या काही दिवसांत शिगेला पोचतो आणि मग काही आठवड्यांत उतरतो, असं म्हणतात. माझ्या घरचे त्याला सहमत आहेत, पण ‘काही दिवस’ हा शब्दप्रयोग त्यांना सौम्य वाटतो. मी घरात तपासणी सुरू केली. गॅसचं बटण, दाराची कडी, पोराच्या दप्तराची चेन. एकदा ताटातली ज्वारीची भाकरी उचलून मी हिला दाखवलं, की ती एका कडेला जाड आहे. ही शांतपणे म्हणाली, “रिजेक्ट असेल तर परत ठेवा. माझ्या मालाला गिऱ्हाईक पुष्कळ आहे.”

तरी हाताची थरथर काही कमी होईना. व्हर्नियर घेऊन माप काढायला गेलो तर पार्ट टॉलरन्समध्ये नाही की मी नाही, तेच समजेना. मॅडमनी विचारलं, “चहा किती घेता?” मी अभिमानानं सांगितलं, की सिगारेटच्या जागी आता चहाच घेतो. त्यांनी कपाळाला हात लावला. सिगारेटच्या धुरानं यकृतातलं एक विकर तेज चालतं आणि ते चहाकॉफीतलं कॅफिन लवकर निपटतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. धूर बंद झाला की ते विकर सुस्तावतं आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साठतं. आणि मी कपही दुप्पट केले होते! ज्याला मी आयुष्याविषयीची मूलभूत भीती समजत होतो, त्यातला बराचसा भाग आमच्या कँटीनचा होता. चहा निम्मा केला आणि बरेच तात्त्विक प्रश्न आपोआप सुटले.

मग आली खरी परीक्षा. मॅडमनी अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. विवेकनिष्ठ मानसोपचाराचा हा जनक. 1955 च्या सुमारास त्यानं ही पद्धत मांडली. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी याच्याच आयुष्यावर आहे. हा एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा. एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन बसला आणि महिनाभर येईल त्या बाईशी बोलायचा प्रयत्न केला. तोच सांगायचा, की सुमारे शंभर जणींशी बोलणं झालं, त्यांतल्या एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण भीती गेली. पुढं तो लोकांना लाज घालवायचे गृहपाठ देऊ लागला. उदाहरणार्थ, केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवून आणायचं.

मी घाबरून म्हटलं, “मॅडम, बजाजनगरात केळं फिरवलं तर दुसऱ्या दिवशी कंपनीत लेटर मिळेल.”

“तुम्हाला त्याहून अवघड देते,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या टपरीवर जायचं, रिकाम्या हातांनी, आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. फोन काढायचा नाही. ओढ लागेल. ती समुद्राच्या लाटेसारखी येते, वर चढते आणि काही मिनिटांत उतरते. तिच्याशी मारामारी करायची नाही, बघत राहायचं.” ही लाटेची युक्ती ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. मी म्हटलं, आमच्याकडं लाट म्हणजे उन्हाची, ती आली की मृगाशिवाय हटत नाही. पण गेलो.

मामांच्या टपरीला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं लायटर टांगलेला आहे. येणाराजाणारा ओढतो आणि सोडतो, त्यामुळं तो कायम झुलत असतो. मी दिसताच मामांचा हात काउंटरखाली गेला.

“नेहमीची?”

“नको.”

“मोठी देऊ?”

“नको, मामा.”

“मग?”

“काही नाही. उभा राहतो.”

मामांनी हात बाहेर काढला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, “घरी सगळं बरं आहे ना?” मी हो म्हटलं. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी म्हटलं, उभंच राहायचंय. मग मात्र ते खरोखर काळजीत पडले. तेवढ्यात स्टोअरचा एक जण आला, त्यानं न विचारताच आपली सिगारेट पुढं केली. मी नको म्हटल्यावर त्यानं मामांकडं बघितलं, मामांनी मान हलवली. दोन मिनिटांत बातमी पिकली, की माझं काहीतरी रिपोर्टमध्ये निघालंय. डिस्पॅचचे काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आजकाल सगळ्यावर औषध आहे, भाऊ.”

या गडबडीत लाट आली. घसा आवळला, तळहाताला घाम आला, नजर त्या झुलत्या लायटरवर खिळली. वाटलं, आता काहीतरी होणार. लायटर झुलला, थांबला, पुन्हा कुणीतरी ओढला. फर्स्ट शिफ्ट सुटली, बसेस लागल्या. काहीही झालं नाही. आणि काहीही झालं नाही, हेच कळायला इतकी वर्षं लागली, कारण आजवर काही होण्याआधीच मी काडी ओढून मोकळा व्हायचो.

हात रिकामे असल्यामुळं इतर माणसं नीट दिसली. एकाची सिगारेट नुसतीच जळत होती. तो ओढत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. दुसरा सिगारेट संपल्यावरही थोटूक धरून उभा होता, कारण टाकलं तर आत जावं लागेल. महाराष्ट्र तसा धुराचा प्रांत नाही. 2016-17 च्या सरकारी पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, पण ओढणारे अवघे 3.8 टक्के. बाकीचे तळहातावर तंबाखू-चुना मळून मशीनवर बसल्याबसल्या काम भागवतात, त्यांना बाहेर यायचं कारणच नाही. त्या टपरीवरच्या आम्हा अल्पसंख्याकांपैकी निम्मे तरी तंबाखूसाठी आलेलेच नव्हते. ते पाच मिनिटं कोणाचेही नसायला आले होते. सिगारेट ही त्याची फी होती. एखाद्या कंपनीनं गेटवर पाटी लावली, की ‘येथे विनाकारण उभे राहण्यास परवानगी आहे’, तर मामांचा धंदा निम्म्यावर येईल.

उरली चिंता. तिच्यासाठी मॅडमनी एक साधी युक्ती दिली : तिला वेळ ठरवून द्यायची. टॉमस बोरकोवेक नावाच्या संशोधकानं 1983 साली सहकाऱ्यांबरोबर हे करून दाखवलंय. दिवसभरात काळजी आली की वहीत टिपायची, तिला म्हणायचं, आता नाही, आणि रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करायची. मी संध्याकाळी साडेसात ते आठ ठरवली. गंमत अशी, की सकाळी साडेदहाला लिहिलेली जिवावरची काळजी साडेसातपर्यंत बहुतेक वेळा शिळी झालेली असते. ‘लॉट परत येणार’ याच्यापुढं ‘आलाच नाही’ लिहायचं आणि उरलेला वेळ कशाची काळजी करावी याची काळजी करत बसायचं.

हिनं दोनतीन दिवस बघितलं आणि म्हणाली, “माझ्या काळज्या काय रस्त्यावर पडल्यात?” तिनंही वही आणली. मग खालचे काका गच्चीवरच्या टाकीची गळती घेऊन आले. आता आमच्या हॉलमध्ये रोज साडेसातला बैठक भरते. मी कंपनीच्या सवयीनं तिला फॉरमॅट करून दिलाय : समस्या, मूळ कारण, सुचवलेली कृती, मंजुरी.

परवा दहावीतल्या चिरंजीवांनी पहिल्यांदाच एक ओळ भरली. समस्या : ‘बाबा हल्ली ड्यूटी सुटल्यावर थेट घरी येतात आणि माझा अभ्यास तपासतात.’ मूळ कारण : ‘टपरी बंद.’ सुचवलेली कृती : ‘ओढू नये. पण अर्धा तास तिकडंच उभं राहून यावं.’

मंजुरीच्या रकान्यात हिची सही आधीच झालेली होती.