आत्याचे सेंटीमॉर्गन

अडुसष्टाव्या वाढदिवसाला मुलाने मला काय द्यावं, तर एक प्लॅस्टिकची नळी. "बाबा, यात थुंका." जन्मभर 'येथे थुंकू नये' वाचत आलेल्या माणसाला हा हुकूम पचायला वेळ लागतो. त्यात अर्धा तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही, सुपारी तर नाहीच. चहा चुकला की माझ्या तोंडाला कोरड पडते. एवढीशी नळी, पण खुणेपर्यंत भरेना. शेवटी सूनबाईंनी समोर बसून कैरी कापली, तेव्हा अमेरिकेत एडिसन मुक्कामी ते कार्य पार पडलं.

काही आठवड्यांनी डीएनए चाचणीचा निकाल आला. सर्वांत वर आमचे चिरंजीव: सुमारे 3,400 सेंटीमॉर्गन, 'पालक किंवा अपत्य'. हे कळायला त्याने डॉलर मोजले होते. खाली शेकडो अनोळखी माणसं आणि प्रत्येकापुढे 'सेकंड कझिन', 'थर्ड कझिन'. चुलत की आते, मामे की मावस, पत्ता नाही. अशा यादीवर कोणी लग्नाच्या पत्रिका वाटून दाखवाव्यात!

सेंटीमॉर्गन हे जुळणाऱ्या डीएनएचं माप थॉमस हंट मॉर्गन यांच्या नावाचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते केळ्यांवर घोंगावणारी चिलटं पाळत; 1933 चं नोबेल त्यातूनच आलं. मापाला हे नाव दिलं जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी. ते पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. म्हणजे आमच्या घराण्याचं माप चिलटांवरून निघालं, पण बारशाला आपला माणूस होता.

नातवाने 'लीड्स पद्धत' काढली. डेना लीड्स या अमेरिकन बाईंनी 2018 साली बसवलेली. 90 ते 400 सेंटीमॉर्गनमधली माणसं एकाखाली एक लिहायची. पहिल्याला एक रंग, त्याच्याशी ज्यांचं ज्यांचं जुळतं त्यांनाही तोच. उरलेल्यांतल्या पहिल्याला दुसरा रंग. असं करत चार रंग झाले की चार आजी-आजोबांची चार घराणी वेगळी. तिकडच्या लोकांची होतातही म्हणे. आमच्याकडे तिसऱ्या ओळीलाच रंगपंचमी! आजोबांनी मामाची मुलगी केलेली, आईच्या वडिलांनीही तेच, आणि बाकीची लग्नं त्याच पंचवीस घरांत फिरलेली. एकेकाच्या अंगावर तीन-तीन रंग.

"आजोबा, तुमचा डेटा खराब आहे."

"डेटा खराब नाही रे, सोयरिकी घट्ट आहेत."

पण खरी धास्ती वेगळीच होती. यादीत आमच्या आडनावाचं घरातल्यांखेरीज चिटपाखरू नाही, आणि एकाच परक्या आडनावाचे सात जण. त्यांत सर्वांत वर टोरोंटोचे एक वयस्कर गृहस्थ, 118 सेंटीमॉर्गन. कुलवृत्तांत पालथा घातला. सुनांच्या माहेरांतही ते आडनाव सापडेना. त्या दोन रात्री मी पूर्वजांवर जे जे संशय घेतले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

शेवटी सांगलीला आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीला टेकलीय. तिला रंग सांगितले, आकडे सांगितले.

"आकडे ठेव बाजूला. आडनाव सांग."

सांगितलं.

"अरे, ते माझ्या आजोबांचं जन्मघर! सात वर्षांचे असताना दत्तक आले ना आपल्याकडे. तुला ठाऊक नाही?"

कुलवृत्तांत पुन्हा उघडला. पणजोबांच्या नावापुढे कंसात 'द.' असं एकच अक्षर होतं. मी ते इतकी वर्षं दत्तात्रेय समजत होतो. दत्तविधानात पणजोबांचं गोत्र बदललं, आडनाव बदललं. माझ्या थुंकीला मात्र कोणी कळवलं नव्हतं.

"आणि टोरोंटोचा?"

"आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू असणार. मुंबईहून कॅनडात गेलेला तोच. लहानपणी एकदा आला होता, आमचे आंबे खाऊन गेला."

नातवाने तक्ता पाहिला. पणजोबांच्या भावाचा नातू: सरासरी 120 च्या आसपास. आत्या नळीत न थुंकता पोचली होती.

परवा त्या गृहस्थांचाच निरोप आला: आपलं नातं नेमकं काय? काय कळवू, म्हणून आत्याला विचारलं.

"कळव, दत्तविधानात कबूल केलेलं चांदीचं तबक अजून यायचंय."