डॉटकॉम भाऊ

माझ्या छापखान्यात गल्ल्याखाली व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा कायम पडलेला असतो. पुठ्ठा चांगला, मागची बाजू कोरी. उधारी लिहायला, चहाचा हिशेब मांडायला, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारायला फार उपयोगी. पुढच्या बाजूला मात्र दर दहाबारा कार्डांनंतर वेबसाइटचं नाव बदलतं आणि खालचा माणूस तोच राहतो. पांढुर्ण्यात त्याला सगळे डॉटकॉम भाऊ म्हणतात. आईबापानं ठेवलेलं नाव आता फक्त राशनकार्डावर उरलं आहे.

हा पोर्टलवाला नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. पोर्टलवाले वेगळे. गळ्यात पट्टा, हातात स्वतःच्या नावाचा माइक, आणि उद्घाटनाला फीत कापणाऱ्याच्याही आधी हजर. ते माझ्या फ्लेक्सचे पैसे बुडवतात, पण काम करतात. डॉटकॉम भाऊ त्यांच्या एक पायरी खाली उभा आहे आणि कित्येक वर्षं तिथून हललेला नाही. त्याला वेबसाइट काढायची आहे. एका विषयाची काढायची की सगळ्या विषयांची, एवढाच प्रश्न अडला आहे. असा एक नग सौंसरलाही आहे, तिकडे वरूडलाही असेल. पण आमचा अस्सल.

पहिलं कार्ड निळं होतं. त्यावर लिहिलं होतं: बातम्या, भाव, भविष्य, भरती, भजन, भाजीपाला. 'भ' संपल्यावर 'व इतर सर्व काही'. साइटचं नाव घेतानाच महिना गेला, कारण नावात सौंसर हवं होतं आणि इंग्रजीत ते दोन प्रकारांनी लिहितात, मधे 'एन' घालून आणि न घालता. भाऊची सासुरवाडी सौंसरची. मेहुणे म्हणाले, आमचा 'एन' गेला तर आम्ही नाही. भाऊनं दोन्ही नावं विकत घेतली. एका साइटवर 'लवकरच येत आहे' असं होतं, दुसरीवर तेही नव्हतं. पुढं तेरा लेख चढले. त्यातला मूळव्याधीवरचा घरगुती उपाय सगळ्यात चालला, म्हणजे चौघांनी वाचला. चौघांत दोघं भाऊ स्वतःच: एकदा मोबाइलवर आणि एकदा माझ्या कॉम्प्युटरवर.

मग कोण्या रात्री यूट्यूबवर दिल्लीकडचा एक पोरगा भेटला. सकाळी भाऊ दुकान उघडायच्या आत शटरजवळ उभा.

"भाऊ, चुकलंच. सगळं टाकायचं नसते. निच पायजे, निच."

हा शब्द त्यानं घरी जसाच्या तसा नेला. बाबूजी ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. "बाबूजी, मी आता निच वेबसाइट काढून राह्यलो." बाबूजींचा अंगठा तळहातावरच थांबला. आपल्या घराण्यात आजवर असं कोणी काही केलं नाही, एवढंच ते म्हणाले. भाऊनं समजावलं की निच म्हणजे एकच गोष्ट धरायची, तिलेच चिकटून राहायचं, इकडंतिकडं पाहायचं नाही. बाबूजींनी तंबाखू झटकली. "असं होय! मंग मी तुह्या मायसंग चाळीस वर्षं निचच राह्यलो."

दुसरं कार्ड अर्थातच नारिंगी. फक्त संत्रा. ते छापताना मलाही वाटलं की यावेळी गाडी रुळावर आली. आमच्या भागात संत्र्याशिवाय दुसरं धरणार काय? पण यूट्यूबवरचा पोरगा तिथं थांबू देईना. विषय जितका बारीक तितका बरा, असं तो सांगे. संत्रा फार मोठा झाला, म्हणून फक्त पांढुर्ण्याचा संत्रा. त्यातही आंबिया बहारावर सगळेच लिहितात, म्हणून फक्त पावसाळी मृग बहार. मृगातही फक्त फळगळ. त्या साली पाऊस लांबला, झाडांना मृग फुटलाच नाही. फळच नाही तर गळेल काय? साइटला विषय उरला नाही.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. या माणसाला संत्रा कळतो. एकदा एक शेतकरी बिलबुक छापायला आला आणि बोलता बोलता म्हणाला की बुंध्यातून डिंक वाहतो आहे. भाऊ स्टुलावरून उठला. माझा कागद कापायचा चाकू हातात घेतला आणि खुर्चीच्या पायालाच झाड समजून दाखवायला लागला: सडलेली साल अशी खरवडायची, चांगली साल दिसेपर्यंत, मग बोर्डो पेस्ट लावायची, आणि आळ्यातलं पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही, बुंध्याभोवती मातीचा उंचवटा ठेवून बाहेरून पाणी द्यायचं. "कलम लावताना डोळा मातीत गाडला होता का?" त्यानं विचारलं. शेतकऱ्यानं मान खाली घातली. "मंग? खुंट जंबेरीचा, वरचं झाड संत्र्याचं. जोड मातीच्या वर राह्यला त झाड राह्यते." दहा मिनिटं तो वेबसाइट विसरला होता. शेतकरी गेला आणि भाऊ माझ्या कॉम्प्युटरवर बसून लेख लिहायला लागला. लेखाचं नाव: 'संत्रा खाण्याचे 10 फायदे'.

मी म्हटलं, अरे, आत्ता जे बोललास ते लिही ना. तो माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाला, "ते त सगळ्यायलेच माहीत असते."

साइट एका विषयाची की सगळ्या, यावर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडले आहेत. निवृत्त गुरुजी सर्वविषयीवाले. त्यांचं दैवत केतकर: एका माणसानं ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, तुम्हाला एक साइट भरवत नाही! भाऊचं उत्तर ठरलेलं, "त्यायले होस्टिंग लागत नोव्हतं, गुरुजी." समोरच्या बाकावर कृषी केंद्रवाला. त्याच्या हातात 'ॲग्रोवन'. 2005 पासून निव्वळ शेतीवर रोजचं वर्तमानपत्र चालतं, मग एका फळावर साइट का नाही चालणार? यावर गुरुजी 'किर्लोस्कर'वर येतात. 1920 मध्ये ते कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, नांगर विकणाऱ्यांचं पत्रक. मग 'खबर' गळाली आणि घरोघर वाचायचं मासिक झालं. म्हणजे बारीक सुरू करावं आणि पसरावं. इथं थांबले असते तर गुरुजी जिंकले असते. पण त्यांना पूर्ण माहिती देण्याची मास्तरी खोड. "आणि 1930 मध्ये त्यांनीच फक्त बायकांसाठी 'स्त्री' काढलं." कृषी केंद्रवाल्यानं आलूबोंडा वर उचलून विजय साजरा केला. भाऊनं दोघांचंही पटलं म्हणून दोघांचेही पैसे दिले.

मधे गोटमारीचं कार्ड झालं, लाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत असतात त्याच दिवशी, जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. मधे पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. हे दुनियेत दुसरीकडे नाही, म्हणून हा विषय पक्का निच. मी विचारलं, मेळा एक दिवसाचा, बाकीचे 364 दिवस काय चढवशील? तो थोडा वेळ गप्प बसला. "मलमपट्टीचे उपाय." मूळव्याधीचा लेख पुन्हा कामी आला असता, पण घरातून विरोध झाला. वहिनींचं माहेर सौंसरचं, आणि सौंसरच्या माणसाला गोटमारीत भाग नाही, मग सासऱ्याला काय दाखवणार? सासऱ्यासाठी जामसावळीचा हनुमान घातला. हनुमान आला की मोहगावचं अर्धनारीश्वर आलं. महिनाभरात लाल कार्डाची साइट पुन्हा निळी झाली.

5 ऑक्टोबर 2023 ला छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा भाऊ पेढे घेऊन आला. त्याच्या मते सरकारनं त्याचंच ऐकलं होतं. एवढा मोठा छिंदवाडा, कोणाला सापडणार त्यात? सरकारनं बारीक विषय वेगळा काढला. "जिल्हाच निच झाला, भाऊ!" हे त्यानं कलेक्टर ऑफिसच्या वाटेवर चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, नशीब, ऐकणारे घाईत होते.

जिल्ह्याची साइट कोणत्या भाषेत, हा पुढचा घोळ. घरात मराठी, तहसिलीत हिंदी, दवाखान्याला नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आमचीच राजधानी होती. मग रेघ ओढली गेली, वरूड तिकडे आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात. मराठीत लिहावं तर विषय आपोआप बारीक, हिंदीत लिहावं तर देशभर. भाऊनं दोन्ही घरं सांभाळली. एका लेखाचं शीर्षक मी स्वतः पाहिलं: 'संत्र्याची फळगळ कैसे रोकें'. मला ते शुद्धच वाटलं. मी बायकोशी तसंच बोलतो.

गेल्या आठवड्यात तो नव्या कार्डाचा मजकूर घेऊन आला. चेहऱ्यावर सुटका झालेल्या माणसाचं तेज. "झालं पक्कं. आता फिरणं नाही." वर मोठ्या अक्षरात: फक्त संत्रा. खाली कंसात, बारीक टाइपात: तसेच गोटमार, जिल्हा, भरती, भविष्य व इतर सर्व विषय. मी विचारलं, किती छापू? शंभर म्हणाला. ॲडव्हान्स विचारला तर जुन्या गठ्ठ्यातलं एक नारिंगी कार्ड काढून त्यामागं स्वतःच्याच हातानं स्वतःची उधारी लिहून दिली.

जाताना तो दारात थांबला आणि माझ्या पाटीकडे बराच वेळ पाहत राहिला. लग्नपत्रिका, तेरवीपत्रिका, बिलबुक, फ्लेक्स, रबरी शिक्के, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, रेल्वे तिकीट. आणि खाली कोपऱ्यात, भाच्याच्या नर्सरीसाठी मी खडूनं लिहिलेलं, संत्र्याची कलमं मिळतील.

"तुमचं बरं हाये, भाऊ," तो म्हणाला. "तुमी एकच लाइन धरून राह्यले."