विश्वासाचा दाखला

विश्वास मोजता येतो, यावर सीमाशुल्क खात्याचा ठाम विश्वास आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या २००५ मधील चौकटीवरून भारतात २०११ मध्ये आलेल्या आणि २०१६ मध्ये नव्याने घडवलेल्या 'ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर' योजनेत, म्हणजेच खात्याने पारखून घेतलेल्या व्यापाऱ्याचा माल बंदरावर कमी तपासणीने पुढे सोडण्याच्या व्यवस्थेत, आयातदार-निर्यातदारांसाठी भरवशाच्या टी-१, टी-२ आणि टी-३ अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीसाठीसुद्धा वर्षभरात आयात-निर्यातीचे किमान २५ दस्तऐवज (लघुउद्योगास १०), काही वर्षांचा चालू धंदा, कायदापालनाचा स्वच्छ इतिहास आणि आर्थिक सक्षमता दाखवावी लागते; वरच्या पायऱ्यांवर कुंपण, फाटक, पहारा आणि कंटेनर यांचीही झडती होते.

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहत किंवा दौंडमधील कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत यांसारख्या ठिकाणाहून माल परदेशी धाडणाऱ्या कारखानदाराला हा दर्जा हवा असल्यास या शास्त्राची बाराखडी गिरवावीच लागते. भूमितीतील पेटीला सहा बाजू असल्या, तरी या शास्त्रातील कंटेनरला सात असतात, कारण चार भिंती (दारांची भिंत त्यांतच आली), तळ आणि छत पाहून झाल्यावर गाडीखाली वाकून सांगाडाही पाहावा लागतो. त्यानंतर दाराला लावलेले बोल्ट सील नीट न्याहाळावे, क्रमांक कागदाशी ताडावा, ते ओढावे आणि शेवटी पिळून पाहावे, असा विधी आहे. एवढे सोपस्कार झालेला कंटेनर न्हावा-शेवा बंदरात मधल्या गोदामात न थांबता थेट प्रवेश करू शकतो. मात्र बंदराच्या दारात वाचणारा हा वेळ शिक्रापूर-चाकण-तळेगाव रस्त्यावर आधीच खर्ची पडलेला असतो, कारण चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीला टी-३ आणि ऊसगाडी यांतील फरक अद्याप कळलेला नाही.

या विद्येचा खरा कस मात्र कांद्यात लागतो. केडगावच्या बाजारात उतरणारा किंवा शिरूरच्या चाळीत साठवलेला कांदा परदेशी जावा की नाही, हे व्यापाऱ्याच्या श्रेणीवर ठरत नाही. निर्यातबंदीचा आदेश निघाला की टी-३ सुद्धा फाटकाबाहेरच थांबतो. तेव्हा खात्याचीच कसोटी उलटी धरून शासनाने शेतकऱ्याकडे 'विश्वासू' दर्जासाठी अर्ज केला आहे असे मानल्यास छाननी उद्बोधक ठरते. तीन वर्षांच्या सातत्याच्या रकान्यात अर्जदाराने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंतची म्हणून जाहीर केलेली आणि मुदत संपण्यापूर्वीच बेमुदत वाढवलेली बंदी, ४ मे २०२४ रोजी ती उठवताना ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात किमान मूल्य रद्द करून २० टक्के शुल्क आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य, अशी नोंद भरलेली दिसते. दस्तऐवजांची संख्या यामुळे निकषाच्या जवळ जाते, हे अर्जदाराच्या बाजूने नमूद करणे न्याय्य ठरेल. आर्थिक सक्षमतेबाबतही शंका घेता येत नाही, कारण नोटा छापण्याचा कारखाना थेट कांद्याच्याच मुलखात, नाशिकरोडला आहे.

तथापि पूर्वसूचनेचा रकाना कोरा आहे आणि आदेश निघाला तेव्हा बंदरात न पोहोचता वाटेतच असलेल्या मालाचे काय करायचे, याचे उत्तर जोडपत्रात सापडत नाही. त्यामुळे हा अर्ज टी-१ साठीदेखील अपुरा ठरतो आणि त्रुटींची पूर्तता करून तीन वर्षांनी पुन्हा सादर करावा, असा शेरा मारून परत पाठवणे क्रमप्राप्त होते. दरम्यान अर्जदाराच्या हातून निघणारा प्रत्येक आदेश सातही बाजूंनी तपासला जाईल, तसेच ओढून व पिळूनही पाहिला जाईल.