जाड अक्षर : निवड, निगा आणि वापर

वाढदिवस तोंडावर आलेला असतो, दहा बाय सहाच्या फ्लेक्सची ऑर्डर गेलेली असते आणि डीटीपीवाला विचारतो, "फॉन्ट कुठला टाकू?" यावर "जाडसर, गोल, डोळ्यात भरेल असा" हे आपलं पिढीजात उत्तर आहे. तेवढ्यावर भागतं, पण ते शास्त्राला धरून नाही. शास्त्र पुढीलप्रमाणे.

प्रथम फॉन्ट निवडावा. बाळसेदार देवनागरीत 'मोदक'चा हात धरणारं कुणी नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या चमूचं हे काम; देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो, धंद्यासाठी वापरायलाही मुभा आहे. मोफत म्हटलं की गिऱ्हाइकाला संशय येतो. बिलात 'स्पेशल फॉन्ट' म्हणून शंभर रुपये लावावेत, संशय फिटतो.

आता स्क्रीनवर एकच 'क' घेऊन तो हाताएवढा मोठा करावा. वहीतल्या 'क'च्या पोटात चांगली ऐसपैस पोकळी असते. इथे तिची सुरीने मारावी तशी बारीक चीर उरली आहे. रेघा फुगून एकमेकींच्या अंगावर आल्या आहेत आणि कुठली कुठे संपते हे त्या चिरेवरूनच कळतं. म्हणजे आपण वाचतो ती चीर, काळा भाग नुसता वजनाला. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी 1922 मध्ये 'कूपर ब्लॅक' हा गुबगुबीत फॉन्ट काढला, तेव्हा त्यांच्यासमोर सव्वीस मोठी, सव्वीस छोटी अक्षरं, आकडे आणि किरकोळ चिन्हं होती. 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्री' त्यांच्या वाट्याला आला नाही. इथे त्या 'ष्ट्री'लाही अंग भरायचं, वर वेलांटी बसवायची आणि तरी तो 'ष्ट्री' म्हणून ओळखू यायला हवा. कुणीतरी बसून एकेका जोडाक्षरातली ही चीर राखली आहे.

ती बुजवणं हे आपलं काम.

त्यासाठी अक्षराला पिवळी आउटलाइन द्यावी. आउटलाइन कडेवर बसते, निम्मी बाहेर, निम्मी आत. बाहेरची निम्मी चीर गिळते. उरलीसुरली लाल सावलीने भरून निघते. त्यावर सोनेरी ग्रेडियंट चढवावा, कारण साहेबांना सोनेरी आवडतं. मोदकला वजन एकच, तेही भरपूर; तरीही बोल्डचं बटण दाबायला विसरू नये. कॉम्प्युटर बिचारा नाही म्हणत नाही, कडा आणखी फुगवून देतो. एवढं केलं की 'ष' आणि 'प' यांच्यातला जुना भेदभाव मिटतो.

मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डकवावा. त्याला युनिकोड देवनागरीची जोडणी येत नसेल तर वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी न येता नंतर उभी राहते आणि 'हार्दिक'चं 'हार्दकि' होतं. घाबरू नये. चौकातले निम्मे फ्लेक्स असेच आहेत. शुद्ध लिहिलंत तर तुमचाच वेगळा दिसेल.

शुभेच्छुकांची नावंही मोदकमध्येच, पण बारीक टाकावीत. खरं तर हा फॉन्ट मोठ्या आकाराच्या दोन-तीन शब्दांसाठी आहे. लहान केला की चिरा नाहीशा होतात आणि ओळीची काळी पट्टी होते. पण कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून मंडळं फुटलेली आपण पाहिली आहेत. एकही नाव वाचता आलं नाही तर भांडणाला जागाच राहत नाही.

वापर कुठे करावा? मिसळ, बर्फाचा गोळा, बालवाडी, सेल, लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. इथे तो इतका शोभतो की मार्गदर्शनाची गरज नाही, आणि म्हणून आम्हाला त्यात रसही नाही. खरी परीक्षा सोसायटीच्या सूचनाफलकावर. 'थकबाकीदारांनी गांभीर्याने नोंद घ्यावी' हे मोदकमध्ये लावून पाहा. लोक नोंद घेतील, हसत हसत, आणि थकबाकी तशीच ठेवतील. 'भावपूर्ण श्रद्धांजली' मात्र यात लावू नये. दिवंगतांना कशाबद्दल तरी बक्षीस मिळालंय असा समज होऊन एखादा अभिनंदन करून जातो.

ज्यांना मजकूर वाचलाही जावा असा हट्ट आहे, त्यांनी याच घरातला 'बलू' घ्यावा. तोही गोल, पण पोट आटोक्यात. 'बलू 2'मध्ये पाच वजनं मिळतात आणि इतर लिप्यांत त्याची भावंडं आहेत: गुजरातीत भाई, गुरुमुखीत पाजी, बंगालीत दा, मल्याळममध्ये चेट्टन. बहुभाषिक वॉर्डात उमेदवारी असेल तर सगळं खानदान एकाच बोर्डावर बसवता येतं.

शेवटी प्रूफ. ते मोबाइलवर येईल. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं तर काहीही छान दिसतं, म्हणून मोबाइल समोरच्या भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जावं आणि ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा माणसाला वाचायला सांगावं. त्याला वाचता आलं, तर डीटीपीवाल्याने आउटलाइन टाकलेली नाही. फोन करून ताबडतोब टाकून घ्यावी.