याले पावसाळा लागला पायजे

नवी वस्तू घेऊन भाऊजींच्या घरी जाऊ नये. मी एकदा नव्या चपला घालून गेलो. त्यांनी त्या दारातच उचलल्या, उजेडात उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "लय नव्या दिसते बाबू. यायले पावसाळा लागला पायजे."

असा माणूस तुमच्याही नात्यात असेलच. निवृत्तीनंतर ज्याच्या हाती फेविकॉलचा डबा आणि मोकळी दुपार एकाच दिवशी लागते, तो. आमचे भाऊजी वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांच्या कपड्यांतला कोळसा ताईनं धुतला. आता ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तोच कोळसा बारीक ब्रशनं एकेका दगडाला लावत बसतात. ताई म्हणते, "तेव्हा निदान पगार तरी येत होता."

दगड पठाणपुरा दरवाजाच्या छोट्या प्रतिकृतीचे आहेत. चंद्रपूरच्या चार दरवाजांतून हाच का निवडला? तर जटपुरा दरवाजापाशी गाड्यांच्या मध्ये उभं राहून माप घेता येत नाही. प्रसंग १८१८ च्या मे महिन्यातला. दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत सुटला होता. नागपूरकर भोसल्यांचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, घ्यायला कर्नल अ‍ॅडम्स फौज घेऊन आला आणि २० मेला हल्ला करून त्यानं ते घेतलं. आत किल्लेदार होता गंगासिंग. भाऊजींचा देखावा मात्र १९ मेच्या संध्याकाळचा. "लढाई कोणीबी दाखवते," ते म्हणतात, "आदल्या दिवशीची भिंत दाखवा म्हणा!"

थर्माकोलवर पीओपी, त्यावर दाभणानं कोरलेल्या सांधी, वर वालुकाश्माचा पिवळट तपकिरी हात. इथवर कुणीही येईल. खरं काम त्यापुढे. काळा रंग पाण्यात अगदी पातळ करून वरून सोडायचा, म्हणजे तो सांधींत उतरून बसतो. तो वाळला की जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून दगडांच्या कडांवरून ओढायचा, की कडा शंभर वर्षं झिजल्यागत दिसू लागतात. ओघळ कंगोऱ्याखालून सुरू व्हावेत आणि खाली येता येता विरावेत. चकाकी कुठेच नको. आणि धूळ! हा दरवाजा खऱ्याच्या ७२ पट लहान. "सहा फुटी शिपाई इथं एक इंचाचा होते. मंग सांगा, धुळीचा कण केवढा पायजे?" असं मला विचारून भाऊजींनी कोळशाची भुकटी ताईच्या पिठाच्या चाळणीतून काढली, मग तिच्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळली. त्या आठवड्यात त्या घरात करड्या पोळ्या झाल्या.

पायथ्याशी त्यांनी हिरवंगार शेवाळ लावलं होतं. रंग तर असा जमला होता की हात लावला तर घसरेल. ताईनं भाजी निवडता निवडता एकदा पाहिलं. "मे महिन्यात शेवाळ हिरवं राह्यते काय?" चंद्रपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या पुढे. भाऊजी त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. रात्री सगळा हिरवा खरवडला, काळपट पापुद्रे रंगवले आणि सकाळी जाहीर केलं, "हा १८१७ चा पावसाळा हाय."

हे दरवाजापुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकांची एक गड्डी त्यांनी हौसेनं चहाच्या पाण्यात बुडवून काढली. पत्रिका इतक्या जुन्या दिसू लागल्या, की दोन घरच्यांनी हे लग्न मागेच होऊन गेलं असं समजून फोनवरच शुभेच्छा दिल्या. वॉर्डात नवी नाली बांधली तेव्हा मात्र भाऊजी काही बोलले नाहीत. पहिल्याच सरीत तिला तडे गेले, कडा ढासळल्या, सळया गंजून बाहेर आल्या. भाऊजी छत्री घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत होते. त्यांना महिनोन्‌महिने जमत नाही ते ठेकेदारानं एका पावसात केलं होतं.

आता हे सांगायचं नव्हतं, पण सांगतो. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गोंडकालीन परकोटाची सफाई हाती घेतली. अकरा-बारा किलोमीटरांची भिंत. तिच्यावर झुडपं, सांधींत पिंपळाची मुळं, बुरुजांवर कचरा. भाऊजी विळा घेऊन पहाटे तिथं जायला लागले. पहाटे खऱ्या भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटायचं, आणि संध्याकाळी सुतळीचे धागे सोडवून तशीच मुळं छोट्या भिंतीत बसवायची. मी म्हटलं, "भाऊजी, एक काय ते ठरवा." ते म्हणाले, "थ्या भितीले पावसाळे लय झाले. तिले आता आराम पायजे." मग घंगाळात हात बुडवले. नखांतली माती निघेना, तरी बराच वेळ घासत होते.

शेवटी दरवाजा एका शाळेच्या प्रदर्शनात गेला. प्रमुख पाहुणे हात मागे बांधून पुढे आले, वाकले आणि म्हणाले, "कल्पना छान आहे. पण साहेबांची भेट आहे, तेव्हा एकदा रंग मारून घ्या." भाऊजींनी नम्रपणे मान हलवली. मला वाटलं, आता हे पाहुण्यांनाच चहाच्या पाण्यात बुडवतील.

पोरांना तर तो पठाणपुरा दरवाजा आहे हेच पटेना. एकानं विचारलं, "काका, मंग फ्लेक्स कुठं हाय? वाढदिवसाचा?" भाऊजी त्याला १८१८ समजावू लागले तोवर दुसरं पोरगं टेबलावर हनुवटी टेकवून आत बघत होतं. सगळे शिपाई मळलेले, पागोट्यांवर धूळ, जोड्यांना माती. मधोमध एक इंचाचा गंगासिंग मात्र पांढराशुभ्र. ब्रश राहून गेला म्हणावं, तर पागोट्याचा एकेक पेच मोजून रंगवलेला.

"काका, याचेच कपडे कसे नवे?"

"आताच आंघोळ करून घातले त्यानं," भाऊजी म्हणाले. "उद्या लढाई हाय. कायले मळवू त्याले?"

गंगासिंग त्या लढाईतून वाचला नाही. पोरानं "मंग हारला का तो?" एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकताच पुढच्या टेबलाकडे पळालं. तिथं सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फुटायच्या बेतात होता.