साबण, ट्यूब आणि फिटनेस

टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. जुनी झालेली ४०७ निम्मी कारखान्यातली असते, निम्मी ड्रायव्हरच्या सीटखालच्या डब्यातली. डिझेलची टाकी झिरपते? चिरेवर अंगाचा साबण घासा. साबण डिझेलात सहजी विरघळत नाही, हे क्लीनरला रसायनशास्त्राविना ठाऊक. होज फुटला की सायकलच्या ट्यूबची पट्टी. दार खडखडलं की चपलेचा तुकडा. डिझेलच्या लाइनीत एअर आली तर ब्लीडिंग स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. एवढं एकच काम पुस्तकाप्रमाणे होतं, म्हणून त्याची फुशारकी कुणी मारत नाही.

आठ वर्षांपुढे गाडीची फिटनेस तपासणी दरवर्षी. त्यासाठी रिफ्लेक्टरची पट्टी नवी लागते, हॉर्न दणदणीत असतोच. ब्रेकचं म्हणाल, तर मागे ‘सुरक्षित अंतर ठेवा’ ठळक रंगवलंय की!